पेठांखालचं भुयार, सहा खेळाडू आणि दोन तास चालणारी लढाई: काय बदलू?

पेठेतला_डीएम

मंडळी, सल्ला हवा आहे. डन्जन्स अँड ड्रॅगन्स (टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायचा कथेचा खेळ), पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम. मी डीएम, म्हणजे कथा आणि शत्रू चालवणारा. सहा खेळाडू, सगळे तिसऱ्या लेव्हलचे: फायटर (योद्धा), रोग (लपून वार करणारा), रेंजर (तिरंदाज), क्लेरिक (पुजारी), विझार्ड (जादूगार), बार्ड (भाट). एक रविवार आड कोथरूडला जमतो, दुपारी ३ ते ६:३०. दोघं हिंजवडी आणि खराडीहून येतात, त्यामुळे वेळ वाढवता येत नाही.

मोहीम एका पेठांच्या शहरात आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत जमिनीखालून पाणी आणलं, तीच रचना उचलली आहे. दगडी भुयार, मध्ये मध्ये वर उघडणारे उच्छ्वास, शेवटी हौद. कोणीतरी पाण्यात विष कालवतंय आणि खेळाडू त्याच्या मागावर आहेत.

अडचण अशी की भुयारातली साधी लढाई दीड-दोन तास खाते आणि मागचे तिघं मोबाईल काढतात. उलट मुख्य शत्रू म्हणून ठेवलेला ओगर (दांडगा राक्षस) दोन राउंडसुद्धा (राउंड म्हणजे सगळ्यांची एकेक पाळी) टिकत नाही. आणि तिसरं, ज्यावर माझं मत पक्कं होत नाही: पडद्यामागे फासा बदलून एखाद्याचं कॅरेक्टर वाचवावं का?

फाशांचं_गणित

ओगरपासून सुरू करतो, कारण तिथे आकडेच सगळं सांगतात. ओगरचा आर्मर क्लास (हल्ला लागायला गाठायचा आकडा) ११, हिट पॉइंट (किती मार सोसतो) ५९. तिसऱ्या लेव्हलच्या फायटरचा हल्ला +५, म्हणजे वीसबाजूंच्या फाशावर ६ किंवा जास्त पडलं की लागला: ७५ टक्के. मोठ्या तलवारीचं सरासरी डॅमेज १०, म्हणजे टर्नला (एका पाळीला) साडेसात. रोगला स्नीक अटॅक (बेसावध शत्रूवरचं जादा डॅमेज) मिळाला तर साधारण ११. विझार्डचा फायर बोल्ट ४. सहाही जणांचं धरलं तर एकही स्पेल स्लॉट (मोजक्या वेळाच वापरता येणारी मंत्रशक्ती) न जाळता राउंडला ३५ ते ४०. ओगर दीड राउंडमध्ये आडवा. तेवढ्यात त्याच्या वाट्याला एक, फार तर दोन हल्ले येतात, आणि आर्मर क्लास १६ असलेल्या फायटरला लागायची शक्यता ५५ टक्के. सरासरी १३ डॅमेज, म्हणजे राउंडला फक्त ७. सहा टर्न विरुद्ध एक टर्न, यात ओगर कितीही दांडगा असला तरी हरणारच.

म्हणून हिट पॉइंट वाढवू नका, टर्न वाढवा. ओगर आणि सहा गॉब्लिन (छोटे, चपळ शत्रू) घ्या: ४५० अधिक ३०० म्हणजे ७५० एक्सपी (शत्रूंच्या ताकदीचे गुण). शत्रू जास्त असले की ही बेरीज गुणकाने वाढवतात: सात शत्रूंना गुणक अडीच, पण तुमच्याकडे सहा खेळाडू असल्यामुळे एक पायरी खालचा, म्हणजे २. झाले १५००. सहा जणांसाठी तिसऱ्या लेव्हलची ‘हार्ड’ मर्यादा १३५० आणि ‘डेडली’ २४००, म्हणजे अवघड पण पेलणारी लढाई. चारच गॉब्लिन घेतले तर ९७५ होतात आणि लढाई ‘मीडियम’ला उतरते. हे दोन पर्याय हाताशी ठेवले की त्या दिवशी किती जण आले त्यावर ठरवता येतं.

आता वेळ. एका टर्नला दोन मिनिटं गेली तर सहा जणांची १२, तुमची ४, राउंड १६ मिनिटांचा. पाच राउंड म्हणजे ८० मिनिटं. टर्न ४५ सेकंदांवर आणला आणि तुमचा वेळ ३ मिनिटांवर, तर तीच लढाई ४० मिनिटांच्या आत बसते. त्यासाठी:

टर्न पुकारताना नेहमी दोन नावं घ्या, ‘आता रोग, तयारीत क्लेरिक’. सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो, कारण वेळ फासा टाकण्यात जात नाही, ‘थांब, बघतो काय काय आहे’ यात जातो. हल्ल्याचा आणि डॅमेजचा फासा एकत्र टाकायला लावा. हल्ला चुकला तर डॅमेज सोडून द्या. शत्रूचं डॅमेज फाशाने न काढता छापलेली सरासरी वापरा, गॉब्लिनचं ५, ओगरचं १३. सगळ्या गॉब्लिनांचा इनिशिएटिव्ह (टर्नचा क्रम) एकच.

गॉब्लिन जास्त असतील तर झुंडीचा नियम आहेच. गॉब्लिनचा हल्ला +४, समोर आर्मर क्लास १६, म्हणजे १२ पडायला हवेत. तक्त्याप्रमाणे ६ ते १२ लागत असतील तर दर दोघांमागे एक हल्ला लागतो. सहा गॉब्लिन, तीन फटके, १५ डॅमेज, एकही फासा नाही. फायटरने ढाल घेऊन १८ केला की १४ लागतात आणि दर तिघांमागे एक. ढालीचा उपयोग खेळाडूला लगेच दिसतो.

सुवेळा_माची

वरचं गणित बरोबर आहे, पण मागचे तिघं मोबाईल काढतात त्याचं कारण तुमच्या नकाशात आहे. पाच फुटी भुयार म्हणजे एक चौकोन. पुढे फायटर, त्याच्या मागे रोग, आणि बाकीच्यांना समोरचा शत्रू दिसतसुद्धा नाही. मधल्या माणसामुळे शत्रूला अर्धं कव्हर मिळतं, आर्मर क्लास +२, म्हणजे रेंजरचा बाणही हुकतो. तिथे कितीही वेगाने टर्न घेतले तरी कंटाळा येणारच.

भुयार चालण्यासाठी आणि घाबरवण्यासाठी ठेवा, लढाई हौदात आणा. हौद सहा बाय आठ चौकोन, म्हणजे ३० बाय ४० फूट. कडेने एक चौकोनाचा कोरडा कट्टा. मधे कमरेएवढं पाणी, तिथे चालताना प्रत्येक फुटाला दोन फूट खर्च. चार दगडी खांब. आत यायला तीन तोंडं: तुमचं भुयार, समोरचं भुयार आणि वरचा उच्छ्वास. गॉब्लिनला वार करूनही त्याच टर्नमध्ये बोनस अ‍ॅक्शनमध्ये लपता किंवा सटकता येतं, त्यामुळे खांबांमागून तो बाण मारून परत गायब होईल आणि मागचे तिघं आपोआप कामाला लागतील. अंधाराचाही विचार करा: मशालीचा लख्ख उजेड २० फूट, पुढचे २० फूट अंधूक. ४० फुटांच्या हौदाची पलीकडची कड अंधूकच राहते, आणि गॉब्लिनला मात्र अंधारात ६० फूट दिसतं. त्यामुळे मशाल कोणी धरायची हा खरा प्रश्न होतो.

आणि लढाईला मारामारीपलीकडचं काम द्या. विषाचा रांजण समोरच्या भुयारात पाण्यापासून ४० फुटांवर ठेवलाय, गॉब्लिन तो दर राउंडला १० फूट पाण्याकडे ढकलतायत, चौथ्या राउंडला तो पाण्यात. किंवा झडप उघडलीये आणि पाणी दर राउंडला फूटभर चढतंय. मग बार्ड आणि क्लेरिकला ‘मी पण मारतो’ यापेक्षा वेगळं काही करता येतं, आणि लढाई कधी संपणार हे सगळ्यांना दिसत राहतं. पाणी डोक्यावर गेलं तर पोहायचा वेग नसलेल्याचे बहुतेक जवळच्या शस्त्रांचे हल्ले डिसअ‍ॅडव्हान्टेजने होतात. म्हणजे दोन फासे टाकून कमी पडलेला धरायचा. खंजीर, भाला, छोटी तलवार, जॅव्हलिन आणि त्रिशूळ यांना सूट आहे. हे आधी सांगा, नाहीतर मोठी तलवारवाला ऐनवेळी चिडतो आणि ते रास्तही आहे.

तटबंदी रचायची झाली तर रायगडाच्या महादरवाजाची गोमुखी रचना जशीच्या तशी वापरा. दोन बुरुजांच्या वळणात दरवाजा लपलेला असतो, समोरून दिसत नाही, सरळ धावत येता येत नाही आणि पोचेपर्यंत वरून मार बसतो. चौकोनी कागदावर ही रचना काढली की खेळाडू बराच वेळ नुसती योजना आखत बसतात, आणि तो वेळ चांगला असतो.

नकाशाच्या सामानासाठी: जेवणाच्या टेबलावर घालतात तो पारदर्शक प्लॅस्टिकचा कव्हर घ्या. खाली एक इंचाचे चौकोन आखलेला चार्ट पेपर, वर व्हाइटबोर्ड मार्कर. आधी कोपऱ्यात लावून बघा, काही प्लॅस्टिकवर लाल मार्कर पक्का बसतो. प्यादी म्हणून कॅरमच्या सोंगट्या वापरणार असाल तर चौकोन साडेतीन सेंटिमीटरचे आखा. सोंगटी तीन सेंटिमीटरहून थोडी मोठी असते, एक इंचात मावत नाही आणि पाचव्या मिनिटाला कोण कुठे उभा आहे यावर वाद सुरू होतो. एक रुपयाचं नाणं मात्र इंचात बसतं. वर कागदाचा गोल चिकटवून आकडा लिहा, ‘तीन नंबरचा गॉब्लिन’ म्हणता आलं पाहिजे.

उघडा_फासा

फासा बदलण्याबद्दल. माझं मत स्पष्ट आहे: बदलू नका, सगळ्यांसमोर टाका. एकदा खेळाडूंना कळलं की मरण डीएमच्या मर्जीवर आहे, की पुढच्या प्रत्येक विजयाची किंमत जाते. आणि कळतंच. ऐन मोक्याला पडद्यामागे फासा पडतो, डीएम क्षणभर थांबतो आणि ‘हुकला’ म्हणतो, हे टेबलावरच्या सगळ्यांना वाचता येतं.

वाचवायचंच असेल तर नियमांतच जागा आहे. जवळच्या शस्त्राने कोणी शून्यावर आला तर मारणाऱ्याला ठरवता येतं की समोरचा मरणार नाही, बेशुद्ध होऊन स्थिर राहील. हा नियम फक्त खेळाडूंसाठी नाही. विष कालवणाऱ्या टोळीला कैदी हवेच असतील, कोणी पाठवलं हे विचारायला. गॉब्लिन क्लेरिकला बेशुद्ध करून ओढत नेतात. फासा खरा राहिला आणि पुढच्या रविवारची कथाही मिळाली. तसंच अर्धे साथीदार पडले की गॉब्लिन पळतात, हे आधीच ठरवून ठेवा. शेवटचा शत्रू मरेपर्यंत लढाई चालवायची गरज नाही, तिथेही वीस मिनिटं वाचतील.

ओगरचे हिट पॉइंट मात्र लढाईआधी बदलले तर त्यात लबाडी नाही. ५९ ही सरासरी आहे. सात दहाबाजूंचे फासे अधिक २१, म्हणजे २८ ते ९१ मधला कुठलाही आकडा नियमातच बसतो. ७५ लिहून ठेवा. पण लढाई सुरू झाली की तो आकडा पक्का.

पहिली_पायरी

@उघडा_फासा, तिसऱ्या लेव्हलला पटतं, पहिल्या लेव्हलला नाही. बगबेअरचा (गॉब्लिनहून मोठा शत्रू) साधा फटका दोन आठबाजूंचे फासे अधिक २. क्रिटिकलला (हल्ल्याच्या फाशावर २० पडले की) चार फासे, सरासरी २०. आठ हिट पॉइंटच्या विझार्डला तो बसला तर शून्यावर येऊन वर १२ उरतात. उरलेलं डॅमेज कमाल हिट पॉइंटएवढं किंवा जास्त असलं की मृत्यू जागच्या जागी, डेथ सेव्हची (जगण्यासाठी फासा टाकायची) संधीच नाही. पहिल्यांदा खेळणाऱ्याने दोन तास खपून केलेलं कॅरेक्टर पहिल्या राउंडला गेलं तर तो परत येत नाही. तिथे मी खेळाडूच्या बाजूने उभा राहीन.

उघडा_फासा

@पहिली_पायरी, तो धोका खरा आहे, पण मग नवख्यांपुढे बगबेअर ठेवूच नये किंवा खेळ दुसऱ्या लेव्हलपासून सुरू करावा. आणि मरण चालेल का हे पहिल्या फाशाआधी विचारून घ्यावं. कोणी ‘नको’ म्हटलं तर शून्यावर आलेल्याला कायमची जखम, हरवलेलं शस्त्र, कैद यातलं काय होईल ते सगळ्यांसमोर ठरवावं. ठरवून बदललेला नियम मला चालतो. लपवून बदललेला फासा नाही.

तीन_धागे

लढाईचं झालं, पण विषाच्या तपासात अडाल म्हणून लिहितो. खेळाडूंना जी गोष्ट कळायलाच हवी तिच्यापर्यंत तीन वाटा ठेवा, तीन वेगळ्या ठिकाणी. उदाहरणार्थ ‘विष वैद्याच्या दुकानातून आलं’: हौदात तरंगणाऱ्या मेलेल्या माशांच्या तोंडाचा निळा रंग, वैद्याच्या वहीतली खाडाखोड, आणि उच्छ्वासाची सफाई करणारा माणूस ज्याने रात्री कोणालातरी उतरताना पाहिलं. दोन हुकतील, तिसरी लागेल. आणि एकमेव पुरावा कधीही फाशामागे ठेवू नका. वही सापडतेच, इन्व्हेस्टिगेशनचा फासा फक्त एवढं ठरवतो की वैद्य परत यायच्या आत सापडली का.

सफाईवाल्याशी बोलताना गप्प बसणाऱ्या खेळाडूला पुढे आणता येतं. सफाईवाला फायटरला ‘सरदार, आपण’ म्हणतो आणि बार्डला ‘काय रे, तू त्या सदाशिव पेठेतला ना?’ म्हणून थेट विचारतो. आता उत्तर त्यालाच द्यावं लागतं.

विश्रांतीकडेही बघा. दिवसाला एकच लढाई असेल तर विझार्ड सगळे स्लॉट तिथेच रिकामे करतो आणि कुठलाच शत्रू पुरा पडत नाही. लाँग रेस्ट (रात्रभराची विश्रांती, जिच्यात स्लॉट परत मिळतात) फक्त जमिनीवर, उच्छ्वासातून बाहेर पडल्यावर. आणि रात्री बाहेर पडलात तर खाली गॉब्लिन जागा बदलतात.

पेठेतला_डीएम

खूप उपयोग झाला. पुढच्या खेळासाठी असं ठरवतोय: भुयारात लढाई नाही, हौदात एकच. ओगर ७५ हिट पॉइंटचा आणि आठ गॉब्लिन, रांजण चौथ्या राउंडला पाण्यात. फासे उघडे. एक राहिलं: गणपतीच्या दिवसांत पेठांतून येणं अवघड, दोघं तरी गळतात. तेव्हा काय करता?

फाशांचं_गणित

सहापैकी चार आले तर खेळा, नाहीतर तारखा जुळवण्यातच मोहीम मरते. प्रत्येक वेळचा खेळ उच्छ्वासाखाली संपवा. जो आला नाही त्याचं कॅरेक्टर वर दोर धरून उभं आहे. परत आला की ५० फुटी दोरावरून खाली.

आठ गॉब्लिन आणि ओगर म्हणजे ८५० गुणिले २, १७०० एक्सपी. सहा जणांना चालेल. चौघांना मात्र गुणक अडीच लागतो, २१२५ होतात, आणि चौघांची ‘डेडली’ मर्यादा १६०० आहे. चौघंच आले तर ओगर आणि तीन गॉब्लिन ठेवा, ६०० गुणिले २ म्हणजे १२००. सहाही आले तरी पहिल्या राउंडला चारच गॉब्लिन दाखवा, उरलेले चार तिसऱ्या राउंडला समोरच्या भुयारातून आणा. आठही जण पहिल्याच राउंडला लपून बाण मारायला लागले तर विझार्ड त्याचा टर्न यायच्या आधी पडेल.