आबांची ठासणीची बंदूक: किती जुनी, किंमत कशी ठरवायची?

सातपुडा_शिरपूर
राम राम मंडळी. घरात आबांची लांब ठासणीची (तोंडातून दारू-गोळी भरायची) बंदूक आहे, आबा गेल्यावर वडिलांनी रीतसर अर्ज केला आणि लायसन त्यांच्या नावावर झालं. घोड्याजवळच्या पत्र्यावर मुकुट, १८६३ आणि इंग्रजीत टॉवर असं कोरलंय. घरात सगळे सांगतात ही १८५८ च्या अंबापाणीच्या लढाईतली, इंग्रजांशी लढलेल्या भिल्ल पुढारी खाज्या नाईकांच्या माणसांकडची. आम्ही दर दसऱ्याला पूजतो. आता एकजण चाळीस हजार देतो म्हणतोय, नळी पॉलिश केली तर अजून देईन म्हणतो. ओरिजिनल आहे का हे कसं कळणार?

तापीकाठ
पॉलिश अजिबात करू नका भाऊ!! नळीवरचा तो काळसर तपकिरी थरच दीडशे वर्षांची साक्ष आहे, पॉलिश पेपर मारला की शिक्केही जातात आणि किंमतही. दसऱ्याचं हळद-कुंकू लोखंडावर राहू देऊ नका, ओलावा धरतं, कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हलका हात द्या.

जुनं_लोखंड
वर्णनावरून इंग्रजी फौजेच्या १८५३ च्या एनफिल्ड रायफलीच्या घराण्यातली वाटते. टॉवर म्हणजे लंडनच्या किल्ल्यात बनली असं नाही, बर्मिंगहॅमच्या खाजगी कारागिरांच्या मालावर तो शिक्का असायचा, सरकारी कारखान्याच्या लॉकवर (घोडा बसतो तो पत्रा) एनफिल्ड लिहिलेलं असायचं. आणि साल आहे ते फक्त लॉकचं, लॉक बदलता येतं. म्हणून नळी बघा, खरं उत्तर तिथे आहे. ९९ सेंटिमीटरच्या आसपास हवी, तिच्यावर दस्त्याला धरणाऱ्या तीन कड्या. तोंडाचा व्यास १४.७ मिमी आणि आत तीन आटे (गोळीला फिरवणाऱ्या पिळदार खाचा) असतील तर मूळ १८५३ ची रायफल. आत गुळगुळीत, व्यास १६.६ च्या जवळ आणि मागचं निशाण उघडझाप न होणारं असेल तर गोष्ट वेगळी. ५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी हिंदी शिपायांना मुद्दाम बिनआट्याच्या बंदुका दिल्या, म्हणजे मार लांब जाऊ नये. नळीवर २५ आकडा दिसला तर तो पलटणीचा नंबर समजू नका, ते बोअरचं, म्हणजे नळीच्या भोकाचं माप आहे.

आणि हे सगळ्यात आधी: बंदूक भरलेली आहे का बघितलंत का? काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. तोंड कुणाकडेही न करता, स्वतः बाजूला उभं राहून, लाकडी काठी हळूच आत टेकेपर्यंत सोडा, तोंडाशी खूण करा, मग तीच काठी बाहेरून नळीला लावून बघा कुठवर आली. ठोकायचं अजिबात नाही.

नाना_चोपडा
कागद काय आहेत ते सांगा. अंबापाणीचं नाव तोंडी सांगितल्याने किंमत वाढत नाही, जुनं लायसन, जप्तीची नोंद, असलं काही हवं. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात विचारून बघा. विक्री फक्त लायसनवाल्याला किंवा परवानाधारक डीलरलाच, आणि शंभर वर्षांवरची वस्तू परदेशात पाठवायच्या भानगडीत तर पडूच नका, १९७२ चा पुरावस्तू कायदा लागतो.

सातपुडा_शिरपूर
मोजलं. व्यास १६.६, आत आटे नाहीत, निशाण पक्कं बसवलेलं, तीन कड्या आहेत. म्हणजे लॉक आणि नळी दोन्ही उठावानंतरचीच म्हणायची. आईला सांगितलं तर ती गप्पच बसली, तिच्या सासऱ्यांनी सांगितलेली गोष्ट होती ती.
दुसरं म्हणजे काठी बुडापासून जवळजवळ आठ सेंटिमीटर आधीच थांबली.

जुनं_लोखंड
बुडाच्या स्क्रूला दोनेक सेंटिमीटर जातात, आठ नाही. भरलेली समजा. घोडा उचलू नका, ठिणगी देणारी टोपी बसते तिथे काही लावू नका, कुणी म्हटलं हवेत बार काढून मोकळी करू तरी नको. पोलीस ठाण्यात फोन करा आणि परवानाधारक आर्मररला (बंदुका दुरुस्त करणाऱ्याला) घरीच बोलवा. किमतीचं नंतर बघू.

सातपुडा_शिरपूर
फोन केलाय, उद्या येतो म्हणाले. बंदूक वाड्यातल्या बंद खोलीत ठेवली, तोंड मातीच्या भिंतीकडे, पोरांना तिकडे जाऊ देत नाही. दर दसऱ्याला ही आमच्या मांडीवर असायची हो.