'डिपेंडन्सी'ला अवलंबित्व म्हणावं का?

प्रश्न

जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या प्रकल्पात मेवन (लागणारा बाहेरचा कोड आणून प्रकल्प बांधून देणारं साधन) कसं वापरायचं, यावर नव्या मुलांसाठी मराठीत टिपणं लिहितोय. पहिल्याच पानावर अडलो. बाहेरून घेतलेल्या प्रत्येक लायब्ररीची (म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडची) पॉम फाइलमध्ये, म्हणजे मेवन वाचतं त्या फाइलमध्ये, नोंद करावी लागते: गट, नाव, आवृत्ती. त्या नोंदीलाही डिपेंडन्सी म्हणतात आणि त्या लायब्ररीलाही. शब्दकोशात 'अवलंबित्व' सापडतं. "या प्रकल्पाला चार अवलंबित्वे आहेत" असं लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. 'थर्ड-पार्टी' आणि 'ट्रान्झिटिव्ह' अजून पुढेच आहेत.

प्रतिसाद

हसू येणारच. 'त्व' लागलं की नाम भाववाचक होतं, ते मोजता येत नाही. दोन मातृत्वं, तीन दास्यत्वं असं कोण म्हणतं? इंग्रजीत एकच शब्द नात्यालाही चालतो आणि वस्तूलाही, मराठीत तशी सोय नाही. नात्यासाठी 'अवलंबून असणे' हे क्रियापद झकास आहे, ते वापरा. वस्तूसाठी वेगळा शब्द शोधा.

प्रतिसाद

मग 'अवलंबित' का नको? सुटसुटीत आहे.

उपप्रतिसाद

कारण दिशा उलटी होते! सरकारी अर्जात 'अवलंबितांची नावे' असा रकाना असतो, तिथे आपण बायको-मुलांची नावं लिहितो. म्हणजे जो दुसऱ्याच्या जिवावर आहे तो अवलंबित. इथे अवलंबित आहे आपला प्रकल्प. ज्या लायब्ररीवर त्याची भिस्त आहे ती नव्हे. 'आश्रित'चंही तेच. मुलं पॉम वाचतील आणि कोण कुणाच्या जिवावर आहे ते नेमकं उलटं समजतील.

प्रतिसाद

'आधार' बरोबर बसतो, पण तो शब्द आता कार्डाने पळवला. मी 'टेकू' सुचवतो. अपक्षांच्या टेकूवर सरकार चालतं तसा बाहेरच्या जारच्या (लायब्ररीच्या फाइलच्या) टेकूवर आपला प्रकल्प. मार्च २०१६ मध्ये एनपीएमवरून (जावास्क्रिप्टच्या पॅकेजांचं कोठार) लेफ्ट-पॅड नावाचं पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतलं. जेमतेम ११ ओळी, काम काय तर मजकुराच्या डावीकडे मोकळी जागा भरणं. तेवढ्याने जगभर लोकांचे बिल्ड (कोडपासून प्रोग्रॅम बांधण्याचं काम) कोसळले. याला टेकू नाही तर काय म्हणायचं?

(टेकू म्हटलं की काम तात्पुरतं वाटतं, हा आक्षेप मान्य. पण आमच्याकडचे काही टेकू दहा वर्षं उभे आहेत.)

प्रतिसाद

थर्ड-पार्टीला 'त्रयस्थ' मुळीच करू नका. त्रयस्थ म्हणजे भांडणात कुणाचीच बाजू न घेणारा. सरळ 'बाहेरची लायब्ररी' म्हणा. आणि लायब्ररीचं ग्रंथालय तर नकोच, लगेच वर्तमानपत्र वाचत बसलेले आजोबा डोळ्यांपुढे येतात.

प्रतिसाद

ट्रान्झिटिव्हवर जरा सविस्तर लिहितो, कारण खरी गंमत तिथेच आहे. एका भाषांतरात मी 'सकर्मक अवलंबित्व' वाचलंय. व्याकरणातलं सकर्मक क्रियापद उचलून इथे आणून बसवलेलं!

माझा शब्द: पाठराखीण. नवी सून घरात येते तेव्हा सोबत पाठराखीण येते. आपण बोलावलेलं असतं सुनेला. पॉममध्ये आपण एक लायब्ररी लिहितो, तिच्याबरोबर तिला लागणाऱ्या पाच येतात आणि त्या पाचांबरोबर त्यांच्या. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या जावातल्या, प्रोग्रॅमच्या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीतलं सुरक्षेचं भगदाड उघडं पडलं, तेव्हा "आम्ही ती वापरतच नाही" म्हणणाऱ्या कित्येकांच्या घरात ती पाठराखीण म्हणूनच शिरलेली निघाली.

दोन सुनांबरोबर एकाच पाठराखिणीच्या दोन आवृत्त्या आल्या तर? मेवन नातं मोजतं. झाडात आपल्या प्रकल्पाला जी जवळची, ती राहते. अंतर सारखं असेल तर पॉममध्ये जिची सून आधी लिहिली, ती. ग्रेडल (मेवनसारखंच दुसरं साधन) मात्र एरवी सगळ्यांत नवी आवृत्ती उचलतं. मेवनच्या या हिशेबापायी आमची एक अख्खी दुपार गेली आहे. संकलन (कम्पाइल) बिनबोभाट झालं आणि चालवल्यावर 'अशी मेथडच नाही' म्हणून प्रोग्रॅम आडवा! कोण कुणाबरोबर आलं ते दाखवणारी डिपेंडन्सी-ट्रीची आज्ञा तपशिलासह चालवली तेव्हा कंसातली एक ओळ दिसली: संघर्षामुळे वगळली. जुनी आवृत्ती दोन पायऱ्यांवर होती, नवी तीन पायऱ्यांवर. जवळची म्हणून जुनीच घरात राहिली. हवी ती आवृत्ती आम्ही आमच्याच पॉममध्ये थेट लिहिली. एका पायरीपेक्षा जवळचं कोण असणार?

नको असलेली पाठराखीण अडवण्याची सोय म्हणजे एक्सक्लूजन, त्याला 'वगळणे' पुरतं. फक्त हे सांगायला विसरू नका, की ते त्या-त्या सुनेच्या नोंदीखाली लिहायचं असतं. दुसऱ्या सुनेबरोबर तीच पाठराखीण आली तर ती आत येणारच.

उपप्रतिसाद

पाठराखीण चार दिवसांनी माहेरी परत जाते हो. या जातात कुठे?

प्रश्नकर्ता

सगळ्यांचे आभार. ठरलं असं: वस्तूला डिपेंडन्सीच ठेवतो, कारण मुलं ऑफिसात "ती डिपेंडन्सी टाक रे" असंच म्हणणार आहेत. नात्याला 'अवलंबून असणे'. टेकू एकदाच, समजावताना. पाठराखीण मात्र सोडत नाही, 'पाठराखीण डिपेंडन्सी' असं लिहितो.

आता अनेकवचन सांगा. चार डिपेंडन्सीज, की डिपेंडन्स्या?

प्रतिसाद

बॅटरी-बॅटऱ्या, फॅक्टरी-फॅक्टऱ्या, तशा डिपेंडन्स्या. पहिल्यांदा उच्चारताना जीभ अडखळेल. 'लायब्रऱ्या' म्हणतानाही अडखळायचीच की.