मदत हवी आहे: अपूर्णांकांची चित्रगोष्ट फसली, शनिवारच्या आत काहीतरी सुचवा

सईची_मावशी:
मंडळी तातडीने मदत हवी आहे, शनिवारी परत तीच मुलं येणारेत आणि मागच्या शनिवारी माझी पार शोभा झाली. अपूर्णांकांवर विनोदी चित्रगोष्ट काढली होती, सहा पानं, स्केचपेनने, दोन रात्री जागून. बोकोबा पोळीवाल्या आजींकडे जातो, आजी विचारतात चार तुकडे करू का आठ, बोकोबा म्हणतो आठच करा, आज भूक जास्त आहे. इथे हसायचं होतं. एकही पोर हसलं नाही. एक मुलगी म्हणाली, "बरोबरच आहे त्याचं, आठ जास्त असतात ना." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मग १/४ मोठा की १/८ असं विचारलं तर सगळे एका सुरात १/८!! दुसरी गोष्ट असेल तर द्या. पिझ्झा नको आणि पीडीएफच्या लिंका नकोत, सगळ्या बघून झाल्यात.

तिखटमीठ:
मुलं कितवीतली? किती जण? मराठी माध्यम की सेमी? काहीच लिहिलं नाहीये.

निवृत्त_मास्तर:
गोष्टीबिष्टी कशाला पाहिजेत? आमच्या वेळी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी सगळे पाढे तोंडपाठ असत. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, रोजचा बाजारच अपूर्णांकात. १९५७ साली नवे पैसे आले, सगळं शंभरात गेलं आणि तिथून पोरांचं डोकं चालेनासं झालं.

रेघोट्या:
मास्तर, औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा हे आज किती जणांना सांगावं लागेल ते सोडा, पण पाठ होतं म्हणजे कळत होतं असं नाही हो. माझे आजोबा पाऊणकी घडाघडा म्हणायचे आणि १/३ आणि १/४ ची बेरीज विचारली की बाहेर फेरी मारायला जायचे.

निवृत्त_मास्तर:
आजोबांवर येऊ नका. बाजारात १/३ लागतो कुठे?

टॅबवाला:
ताई स्केचपेनने काढू नका, टॅबवर काढा, एक पोळी काढली की कॉपी पेस्ट. आणि पुस्तक काढणार असाल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, आपल्याकडे फुकट मिळतो, ऑनलाइन अर्ज करायचा.

सईची_मावशी:
पुस्तक काढायचं नाहीये हो!! सोसायटीच्या वाचनालयात शनिवारी तासभर घेते, बस. पाचवी, अकरा मुलं, सेमी, म्हणजे शाळेत न्यूमरेटर डिनॉमिनेटर आणि घरी आजी अभ्यास घेते तेव्हा अंश छेद, त्यात गोंधळ वेगळाच.

जर्सीकर:
इकडे आमच्या लेकीला मोजायच्या कपांनी जमलं. १/४, १/३, १/२ आणि १ असा सेट असतो, रव्याच्या लाडवांना रवा मोजायला लावला. १/४ कप चार वेळा ओतून कंटाळली तेव्हा कळलं की हा सगळ्यात लहान आहे. शिवाय २५ सेंटच्या नाण्याला इथे क्वार्टरच म्हणतात, तेही कामाला आलं.

तीन_सूत:
त्याला अमेरिका कशाला? आमच्या वर्कशॉपात या. एक सूत म्हणजे १/८ इंच, आठ सूत म्हणजे इंच. दहावी नापास पोरगं झोपेत सांगेल की पाव इंच म्हणजे दोन सूत. त्याला छेद शब्द माहीत नाही, पण पाईप चुकीचा आणला तर शिव्या पडतात हे माहीत आहे.

जर्सीकर:
पाचवीच्या मुलांना पाईप कुठे देणार?

वाळवंटी:
सतरा उंटांची गोष्ट घ्या ना, थोरल्याला निम्मे, मधल्याला एक तृतीयांश, धाकट्याला एक नवमांश. शेजारी आपला उंट उसना देतो, अठरा होतात, ९, ६ आणि २ वाटतात आणि त्याचा उंट त्याला परत. उंटांची चित्रंही मजेशीर येतील.

रेघोट्या:
गोष्ट छान, पण पाचवीला नको. १/२, १/३ आणि १/९ मिळून १७/१८ च होतात, म्हाताऱ्याने वाटणीच अर्धवट सांगितली होती, म्हणून तर उंट परत जातो. मुलं घरी जाताना एवढंच नेतील की उसना उंट आणला की गणित सुटतं. मावशी, एक विचारू? चार तुकड्यांची पोळी आणि आठ तुकड्यांची पोळी, दोन्ही एकाच मापाच्या काढल्यात का?

सईची_मावशी:
त्याचा काय संबंध?

सईची_मावशी:
आत्ता पानं काढून बघितली. चारवाली ६ सेंमी आहे आणि आठवाली १० सेंमी. तुकड्यांत १/८, १/८ लिहायला जागा पुरेना म्हणून मोठी काढली होती. दोन्हींचा एकेक तुकडा कापून एकावर एक ठेवला तर आठवाला लांबीला चांगलाच बाहेर येतोय, आणि एकूणही तोच मोठा 🤦

रेघोट्या:
म्हणजे पोरं चित्र बघून अगदी बरोबर बोलली. वाटी उपडी ठेवून सगळ्या पोळ्या तीच गिरवा. आकडे तुकड्यात मावत नसतील तर बाहेर लिहून बाण काढा. आणि बोकोबाच्या आधी प्रत्येकाला कागदाची पोळी द्या. घडी घालून अर्धी, परत घडी घालून चतकोर, परत एकदा घडी. आठवा भाग हातात आला की मग बोकोबाला आणा. ती पोळी तेवढीच राहते हे पोराला आधीच माहीत पाहिजे, नाहीतर हसायला काही उरत नाही.

कोल्हापुरी_ठसका:
पोळी र्‍हाऊ दे, आमच्याकडची घ्या. आई सांगती, "आज जेवायला पावणे दोन येणार." पोरगं दोन ताटं मांडतं. दार उघडतं तर एक आख्खा पावणा आणि एक पाऊण. पावणे दोन म्हणजे १ ३/४! मग चित्रच चित्र. पावणे तीन आले, पावणे पाच आले, पोरानं किती भाकऱ्या थापायच्या सांगा.

तिखटमीठ:
अहो पण पाऊण माणूस म्हणजे पाय कापलेला काढणार का? लहान मुलं घाबरतील.

कोल्हापुरी_ठसका:
कापायचं कशाला? उरलेला पाव अजून दाराबाहेर चप्पल काढतोय.

निवृत्त_मास्तर:
पाहुणे हा शुद्ध शब्द आहे. पावणे म्हणजे पाऊणने कमी असा अर्थ होतो.

रेघोट्या:
पाऊणने नाही मास्तर, पावने कमी. पावणेदोन म्हणजे दोनाला पाव कमी. आणि पाऊणकी तुम्हाला पाठ आहे.

निवृत्त_मास्तर:
लिहिण्याच्या ओघात झालं.

सईची_मावशी:
ठसका, तुम्हाला माझ्याकडून एक आख्खी पुरणपोळी. आत्ताच चार पानं काढून झाली, माणसं सगळी एकाच उंचीची, पट्टीने मोजून, ८ सेंमी, म्हणजे पाव पावणा बरोबर २ सेंमी. यांना पाऊण वाजला हे घड्याळात कळतं, पाव किलो टोमॅटो कळतात, पण पाऊण आणि ३/४ हे एकच हे कुणी सांगितलेलंच नाही. शनिवारी सांगते काय झालं ते.

सईची_मावशी:
शनिवारचं सांगायचं राहिलं. घड्यांवर अर्धा तास गेला, पण बोकोबाला या वेळी हशा मिळाला, आणि मागच्या वेळी त्याची बाजू घेणारी मुलगीच सगळ्यात मोठ्याने म्हणाली, "वेडा आहे का हा, पोळी तेवढीच आहे!" पावणे दोनवर तर पोरं लोळली. एकाने विचारलं दाराबाहेर पाव आहे म्हणजे मस्का लावलेला का, तिथून तास हातातून गेला. ३/४ मोठा की ५/८ विचारलं, अकरापैकी सहा बरोबर. बाकीचे म्हणतात पाच जास्त असतात.

तीन_सूत:
सहा सूत आणि पाच सूत.

टॅबवाला:
धागा पूर्ण वाचला नाही, पण मुलं कितवीत आहेत?