घरात तीन पेशंट, सांभाळणारी मी एकटी. सुरुवात कुठून करू?

गोव्यात डिचोलीजवळ राहतो आम्ही. बाबांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, आईला डिमेन्शिया, आणि धाकटा भाऊ २६ वर्षांचा, त्याला डाउन सिंड्रोम. नोकरी गेल्या चवथीच्या आधीच सोडली. किडनीवाले म्हणतात आईचं मानसोपचारात विचारा, तिथे म्हणतात भावाचं समाजकल्याणला विचारा, ते म्हणतात आधी अपंगत्वाचं सर्टिफिकेट आणा. ज्याचा त्याचा पेशंट वेगळा, घर कुणी बघतच नाही. परवा बाबांना घेऊन गेले तर आई दार उघडून थेट नदीपर्यंत. कुणी निभावलंय का असं?

फोंड्याची वहिनी: बाय, कागद नंतर, आधी दार. माझ्या सासूचं असंच होतं, आम्ही कडी पार वर लावली, तिची नजर तिथे जायचीच नाही (पण घरात कुणी असतानाच हां, आत एकटी कोंडून जाऊ नको). पदराला फोन नंबर शिवलेला, आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराला, पोदेराला (पाववाल्याला) सांगून ठेवलेलं. आणि डायलिसिसची वेळ पक्की मागून घे, शेजारीण कधी बसू शकते ते बघून. लाजू नको मागायला.

म्हापसेकर: भावाचं निरामय केलंय का? केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टचा आरोग्य विमा, १ लाखापर्यंत, आधी मेडिकल तपासणी लागत नाही, बौद्धिक अपंगत्वात बसतो तो. आणि १८ च्या पुढे कायदेशीर पालकत्व लागू शकतं, त्याचा अर्ज कलेक्टरच्या लोकल लेव्हल कमिटीकडे. आईबाबा दोघंही थकलेत तर हे लांबवू नकोस. डायलिसिसला दीनदयाळ कार्ड (गोवा सरकारच्या आरोग्य योजनेचं) दाखवता ना?

सत्तरीकर: गंमत म्हणजे डिमेन्शियावर गोव्यातच अभ्यास झालाय, ८१ कुटुंबं, २००८ ला छापून आला. गावातल्याच साध्या लोकांना शिकवून घरोघर पाठवलं, तर सांभाळणाऱ्यांचा ताण कमी झाला. नुसतं औषध नव्हे, कुणीतरी घरी येऊन समजावणं, धीर देणं! मग ते सगळीकडे का नाही, हे कुणाला विचारायचं? तोवर तुला रात्री असह्य झालं तर १४४१६ लाव, टेली-मानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे. पेशंटसाठीच असतो असं नाही.

प्रश्न विचारणारी: कडी आजच लावून घेतली. दीनदयाळ आहे. शेजारची मावशी सोमवार बुधवार बसते म्हणाली, शुक्रवारचं अजून अडलंय. भावाचं सर्टिफिकेट जुनं कागदी आहे, चालेल?

म्हापसेकर: यूडीआयडी (अपंगांचं सरकारी ओळखपत्र) काढून घे, पुढे सगळीकडे तेच मागतात. ऑनलाइन अर्ज होतो, जुनं स्कॅन करून जोड. शुक्रवारी मी डिचोलीला असतो कामाला, फॉर्म भरायला येऊ का ते सांग.