तापातली युडीकोलनची पट्टी

पूर्वी ताप आला की कपाळावर ज्याची पट्टी ठेवायचे, ते ‘युडीकोलन’ म्हणजे नक्की काय? ते अत्तरच होतं, औषध नव्हे! ‘ओ द कोलोन’, म्हणजे कोलोनचं पाणी. इटलीहून जर्मनीतल्या कोलोन शहरात आलेल्या योहान मारिया फारिनाने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या सुगंधाला त्या शहराचं नाव दिलं. लिंबू, संत्रं, बर्गमोट (लिंबा-संत्र्याच्याच जातीचं एक फळ) अशा फळांच्या सालीचं तेल स्पिरिटमध्ये मिसळलेलं. या अत्तराच्या एका प्रसिद्ध बाटलीच्या निळ्या-सोनेरी लेबलवर दिसणारा ‘4711’ हा आकडा मात्र त्याच शहरातल्या दुसऱ्या घराण्याचा. ग्लॉकनगासे या गल्लीतल्या त्यांच्या घराचा तो क्रमांक.

स्पिरिट भराभर उडतं, उडताना अंगातली उष्णता घेतं, म्हणून गार वाटायचं. (लहान मुलांना अशा पट्ट्या ठेवू नयेत असं आता डॉक्टर सांगतात, ते पाळायलाच हवं.)

आमच्याकडे बाटली आईच्या कपाटात, साड्यांच्या मागे असायची. आजारी पडल्याशिवाय ती बाहेर येत नसे. वाडग्यात गार पाणी, त्यात चार थेंब, बाबांच्या जुन्या रुमालाची घडी. पट्टी कोमट झाली की आई न बोलता उलटायची. रात्री डोळे मिटलेले असले तरी त्या लिंबासारख्या वासावरून कळायचं की ती अजून उशाशीच बसलेली आहे.

मोठेपणी एका दुकानात सहज झाकण उघडून पाहिलं आणि डोळ्यांत पाणीच आलं. बाटली घेतली. लावत नाही, कपाटात साड्यांच्या मागे ठेवली आहे.