आधुनिक विचक्राफ्टची ओळख, आणि एक प्रश्न : याला मराठीत चेटूक म्हणायचं का?

सागरगोटा

माझी भाची १९ वर्षांची, पुण्यात शिकते. गेल्या महिन्यात तिने फोनवर विचारलं, "मावशी, मला विचक्राफ्ट शिकायचंय, सुरुवात कुठून करू?" ताईच्या कानावर गेलं आणि घरात रडारड झाली. पोरगी करणीच्या नादी लागली म्हणून.

मी इंग्लंडमध्ये साउदम्प्टनला राहते. न्यू फॉरेस्टचं जंगल इथून जवळच आहे. माझ्यासोबत काम करणारी एक बाई वीस वर्षं विक्का, म्हणजे या आधुनिक विचक्राफ्टचा धर्म, पाळते, तिच्या घरी चार-पाच सणांना मी गेले आहे. म्हणून भाचीला जे सांगितलं ते इथेही लिहिते.

विक्का हा धर्म जुना नाही. जेराल्ड गार्डनर नावाचा इंग्रज मलायात कस्टम खात्यात होता. निवृत्त होऊन मायदेशी परतल्यावर १९३९ मध्ये न्यू फॉरेस्टमधल्या एका गुप्त मंडळाने आपल्याला दीक्षा दिली, असं त्याने पुढे सांगितलं. इंग्लंडमधला चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये गार्डनरने या पंथावर पुस्तक काढलं. पण या धर्माला भाषा दिली ती डोरीन व्हॅलिएंटी या बाईने. १९५३ मध्ये तिची दीक्षा झाली. गार्डनरच्या पोथीतला बराच मजकूर उसना आहे हे तिच्या लक्षात आलं, तो तिने काढला आणि पूजेत म्हणायची वचनं नव्याने लिहिली. ब्रायटनला ती राहायची त्या इमारतीवर २०१३ पासून तिच्या नावाची निळी पाटी आहे.

हे लोक करतात काय? देवी आणि शिंगं असलेला देव यांना मानतात. वर्षाचे आठ सण असतात आणि पौर्णिमेला पूजा. जमिनीवर वर्तुळ आखायचं आणि चार दिशांना चार तत्त्वं बोलवायची: पूर्वेला वारा, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला पाणी, उत्तरेला माती. काळ्या मुठीची एक सुरी असते, पण तिने काही कापत नाहीत. वर्तुळ आखायलाच ती वापरतात. मंडळाला 'कव्हन' म्हणतात. परंपरेने दीक्षेआधी एक वर्ष आणि एक दिवस शिकायचं असतं. एकटीने पाळणाऱ्याही पुष्कळ आहेत. नियम मुख्यतः एकच: कुणाला इजा होत नसेल तर मनाला येईल ते कर.

नवख्या मुलीने काही विकत घेऊ नये, असं माझं मत. एक वही घ्यावी, महिनाभर रोज चंद्र कुठे दिसतो ते लिहावं. भाचीला मी एवढंच सांगितलं.

आता मुद्दा. इथल्या बायका स्वतःला अभिमानाने 'विच' म्हणवतात. ज्या शब्दाने बायकांना जाळलं तोच त्यांनी स्वतःहून घेतला. मला वाटतं मराठीतही हेच व्हावं. 'चेटकीण' या शब्दाला आपण का घाबरायचं?

शहादा_धडगाव

ताई, माहिती चांगली दिलीत. शेवटच्या परिच्छेदावर मात्र गप्प बसवत नाही.

मी नंदुरबार जिल्ह्यात, धडगावच्या पाड्यांवर १२ वर्षं शाळेत शिकवलं. तिकडे शब्द 'डाकीण'. पोर तापाने जातं, गुरं मरतात. मग घरचे भगताकडे जातात आणि तो कुणाचं तरी नाव काढतो. ते नाव बहुतेक वेळा विधवेचं, नाहीतर जिच्या नावावर थोडी जमीन आहे अशा बाईचं. आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईंचं असंच नाव निघालं. शेजाऱ्याचे दोन बैल मेले होते. दुसऱ्या दिवशी ४० पोरांपैकी ९ पोरं जेवायला बसली. आठवड्याभरात बाई रातोरात भावाच्या गावी निघून गेल्या. त्यांना कुणी मारलं नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण मार खाल्लेल्या आणि जिवानिशी गेलेल्या बायकाही या देशात आहेत. झारखंडच्या चुटनी महातो यांना गावाने डायन ठरवून हाकललं. पुढे त्या अशाच बायकांसाठी लढत राहिल्या आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ ला झाला, त्यानंतर आपला जादूटोणाविरोधी कायदा आला. अमुक व्यक्ती करणी करते असं जाहीर करणं हाच त्या कायद्याने गुन्हा आहे, ६ महिने ते ७ वर्षं कैद. म्हणजे जो शब्द तुम्ही मिरवायला सांगता, तो दुसऱ्यावर टाकला तर तुरुंग आहे, इतका तो इथे जिवंत आहे.

तुम्ही शब्द परत घ्यायचा म्हणता. खिचडीवाल्या बाईंना तो परत नको होता. त्यांना तो अंगावरून पुसून हवा होता.

सागरगोटा

गुरुजी, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. पण युरोपातही हा शब्द असाच जीवघेणा होता. तिकडे ४० ते ६० हजार माणसं या आरोपाखाली मारली गेली. त्यांची आठवण म्हणूनच तर या बायकांनी तो घेतला. आपल्याकडे हे कधी सुरूच होऊ नये का?

जुनी_पाने

नेमकी इथेच गडबड आहे. मारले गेले ते विक्काचे कुणी पूर्वज नव्हते.

मार्गारेट मरे या विदुषीने १९२१ मध्ये मांडलं की चेटकीण म्हणून मारलेल्या बायका एका प्राचीन, लपून टिकलेल्या धर्माच्या होत्या. गार्डनरने तेच उचललं आणि त्याच्या पुस्तकाला प्रस्तावनाही मरेबाईंचीच. पुढच्या इतिहासकारांनी कागदपत्रं तपासली तेव्हा तो धर्म कुठेच सापडला नाही. सापडल्या त्या साध्या ख्रिस्ती बायका, आणि पुरुषही. अमेरिकेत सेलमला १६९२ मध्ये १९ जणांना फाशी दिलं. त्यातले जॉर्ज बरोज तर पाद्री होते. फाशीच्या जागी उभं राहून त्यांनी येशूची प्रार्थना न अडखळता म्हणून दाखवली. चेटूक करणाऱ्याला ती म्हणता येत नाही असा समज होता, त्यामुळे जमलेली माणसं चलबिचल झाली. तरी फाशी झालीच.

बरोज यांचा शेवटचा आग्रह 'मी तो नाही' हा होता. त्यांच्या नावाने 'मी ती आहे' म्हणणं मला पटत नाही. विक्का १९५० च्या दशकातला धर्म म्हणूनच प्रामाणिक आहे. नवा असण्यात कमीपणा काय? सागरगोटा यांनी सुरुवातच तशी केली, म्हणून शेवट जास्त खटकला.

पेडण्याची_वाट

मी गोव्यात पेडण्याला असते, चार वर्षं हे करते. गुरू नाही, मंडळ नाही. सुरुवात इंग्लिश पुस्तकांवरून केली आणि पहिल्याच वर्षी अडले. २१ डिसेंबरला यूल, म्हणजे सूर्य परत येण्याचा सण. इंग्लंडमध्ये चार वाजता अंधारतं, तिथे त्याला अर्थ आहे. माझ्या अंगणात त्या दिवशी घाम येतो. मे महिन्यातल्या बेल्टेनच्या सणाला तिकडे फुलोरा, इकडे विहिरीचा तळ दिसत असतो.

मग आठ सणांचं चक्र बाजूला ठेवलं. माझं वर्ष मृगापासून सुरू होतं. पहिला पाऊस पडला की मातीचा एक गोळा देव्हाऱ्याशी ठेवते, नवं भात आलं की चार लोंब्या दाराला बांधते. ते आजीही करायची. वर्तुळ आणि दिशा मात्र मी विक्कातूनच घेतल्या. तेवढा वेळ घरातलं कुणी मला हाक मारत नाही, आणि त्याची मला फार गरज होती. मी स्वतःला कुठलंच नाव देत नाही. नाव न देताही हे नीट चालतं.

एक_शंका

सगळ्यांनी एक गोष्ट टाळली. याने होतं काय? मेणबत्ती लावून परीक्षेत गुण वाढत नाहीत. मन एकाग्र होत असेल तर ठीक, पण ते मंत्राने झालं असं १९ वर्षांच्या मुलीला सांगू नका. उद्या अंगावर गाठ आली तर ती डॉक्टरकडे जाईल की काढा उकळत बसेल?

इंग्लंडचा १७३५ चा कायदाही नीट पाहा, १९५१ मध्ये रद्द झाला तोच. त्याने चेटकिणींना मारणं बंद केलं. चेटूक नसतंच, म्हणून ते येतं असं भासवणाऱ्याला शिक्षा, अशी त्याची भूमिका होती. आपल्या २०१३ च्या कायद्यातही चमत्काराच्या नावाने फसवणूक करून पैसे उकळणं हा गुन्हा आहे. ऑनलाइन 'विच कोर्स' विकणारे आपल्याकडेही आहेत. ते कुठे बसतात?

सागरगोटा

शंका, आजारपणाचं तुमचं शंभर टक्के मान्य. माझी सहकारीही हेच सांगते. जुन्या गार्डनरी परंपरेत दीक्षेचे पैसे घेत नाहीत, त्यामुळे पैसे मागणारा दिसला की भाचीने उठून यावं, हेही तिला कळवलंय. पण "होतं काय" याचं उत्तर पेडण्याच्या ताईंनी दिलंय असं मला वाटतं. घरातलं कुणी हाक मारत नाही असा अर्धा तास बाईला कुठल्या नावाने मिळतो? आपल्याकडे तो देवाच्या नावानेच मिळतो, आणि तिथेही महिन्याचे चार दिवस तिला बाहेर बसवतात. विक्कात बाई स्वतः पूजा सांगते. मला ही लहान गोष्ट वाटत नाही, तुम्ही ती एका वाक्यात उडवू नका.

जुनी पाने, बरोज यांची गोष्ट मला माहीत नव्हती. 'आठवण म्हणून' हा मुद्दा मी मागे घेते.

गुरुजी, मराठीत यापुढे मी 'विक्का' एवढंच म्हणेन. पण माझी सहकारी इंग्रजीत स्वतःला विच म्हणते, तिचा तो शब्द मी काढून घेणार नाही. तो तिने वीस वर्षं नीट सांभाळलाय.

शहादा_धडगाव

त्यांचा शब्द त्यांच्याजवळ राहू द्या, माझी काही हरकत नाही. भाचीलाही वही भरू द्या. चंद्र बघणारी मुलगी वर्गात असती तर मला आनंदच झाला असता.

फक्त एवढं सांगा तिला. तिने 'मी चेटकीण' असं लिहून फोटो टाकला तर तो धडगावच्या पाड्यावरही पोचेल. आता तिथेही पोरांच्या हातात मोबाईल आहेत, आणि भगताच्याही.