मदत हवी आहे: एर्लांगेनच्या घराचं डिपॉझिट, कोर्ट कुठलं?

मंडळी, एर्लांगेनचं घर सोडून म्युनिकला आलोय. घरमालक तीन महिन्यांच्या भाड्याइतकं डिपॉझिट दाबून बसलाय. म्हणे भिंतीला ओरखडे! राहत्या घराच्या भाड्याचा वाद, रक्कम कितीही असो, घर असेल तिथल्या आम्ट्सगेरिष्टकडेच (सगळ्यात खालचं स्थानिक कोर्ट) जातो, म्हणजे एर्लांगेनला. अपील वर न्युर्नबर्ग-फ्युर्थच्या लांडगेरिष्टात (त्याच्या वरचं कोर्ट). ही उतरंड 1879 पासूनची, अजून टिकून आहे! आम्ट्सगेरिष्टात वकील सक्तीचा नाही, हे बरंय.

आता प्रश्न: तोंडी सांगून दावा लिहून घेणारा कक्ष म्युनिकच्या कोर्टातही आहे. तिथे नोंदवलेला दावा एर्लांगेनला पोचायला किती दिवस लागतात? कुणी केलंय का असं? आणि घर ताब्यात देतानाचा सहीचा कागद जर्मनमध्ये आहे, तेवढा पुरतो ना?